झोळी आणि गोळी

राईनपाड्याचा बाजार रविवारी भरतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातलं हे गाव. आजूबाजूला कोकणा, भिल्ल, मावची अशी आदिवासी वस्ती, डोंगरउताराची शेती आणि पाड्यापाड्यांतून बाजाराला चालत येणारी माणसं. १ जुलै २०१८ हा असाच एक बाजाराचा रविवार होता. त्या दिवशी एसटीतून पाच अनोळखी पुरुष गावात उतरले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला तरी दिसला. तो काय बोलला, हे ऐकायला कुणी थांबलं नाही. ‘पोरं पळवणारी टोळी आली’ ही हाक मात्र बाजारभर गेली.

पुढे जे झालं ते शेकडो डोळ्यांदेखत आणि अनेक मोबाइलसमोर झालं. पाचही जणांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं, खोलीत कोंडलं आणि तिथे जीव जाईपर्यंत मारलं. पिंपळनेर ठाण्याचे मोजके पोलीस पोहोचले. जमावापुढे त्यांचं काही चाललं नाही, त्यांनाही मार बसला. पाचपैकी एकही जगला नाही.

ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. डवर म्हणजे हातात धरून वाजवायचं लहान चर्मवाद्य. ते वाजवत दारोदार फिरायचं, देवाची गाणी म्हणायची, कुणी भाकरी घातली, कुणी पसाभर धान्य घातलं की पुढच्या दारी जायचं, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. महाराष्ट्र सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. जात, धर्म, भाषा, देवदेवता या सगळ्या बाबतींत ते खेड्यातल्या महाराष्ट्राला परके नव्हते. तरी त्या दिवशी त्यांच्याइतकं परकं कुणी नव्हतं.

या प्रकरणाची चर्चा तेव्हा मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपभोवती फिरली, आणि त्याला कारणही होतं. त्या उन्हाळ्यात देशभर एक चित्रफीत फिरत होती: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. प्रत्यक्षात ती कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि सूचनाफलक दाखवतात, तो भाग कुणीतरी कापून टाकला होता. राईनपाड्याच्या आधी, ८ जूनला, औरंगाबाद जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या चांडगावात जमावाने दोघांना असंच ठार केलं होतं. राईनपाड्यानंतर दोन दिवसांत केंद्र सरकारने कंपनीला तंबी दिली आणि त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा आली. पाच माणसं गेली आणि पाचाचा नियम आला. हा योगायोग कंपनीच्या कुणाच्या लक्षात आला असेल असं वाटत नाही.

पण मोबाइलने अफवा आणली, भीती आणली नाही. ती घरात आधीपासून होती. मराठी घरांत हट्टी पोराला गप्प करायचं जुनं हत्यार कोणतं? ‘झोप, नाहीतर बुवा येईल आणि झोळीत घालून नेईल.’ झोळीवाला, गोसावी, फकीर, पारधी: ज्या भागात जो फिरतो त्याचं नाव या वाक्यात बसतं. वाक्य म्हणणाऱ्या आजीच्या मनात काडीचं वैर नसतं. तीच आजी सकाळी त्याच बुवाच्या झोळीत भाकरी घालते आणि त्याच्या पाया पडते. पण संशयाची एक रिकामी जागा त्या वाक्यात तयार होऊन बसते आणि पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. २०१८ मध्ये त्या जागेवर पाच माणसं येऊन उभी राहिली.

भाषेत अशा जागा आणखी आहेत. ‘भामटा’ हा शब्द आज कुणीही लबाड माणसासाठी वापरतो. ते एका जमातीचं नाव आहे आणि ती जमात आजही शासकीय यादीत आहे. ‘उचल्या’ म्हणजे भुरटा चोर असं आपण समजतो. लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिलं आणि त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा पांढरपेशा वाचकाला कळलं की ही शिवी घेऊन माणसं जन्माला येतात.

अमेरिकेत अशा वेळी ‘रेस’ हा शब्द वापरतात. आपण त्याला वंश म्हणतो आणि मग निश्चिंत होतो, कारण आपल्याकडे गोरे-काळे असा वाद नाही. पण वंश या शब्दाचं पोलीस ठाण्यातलं काम काय असतं ते पाहिलं तर चित्र बदलतं. एखादा माणूस काहीही करण्याआधी, तो ज्या घरात जन्मला त्यावरून त्याच्याबद्दल मत बनवायची मुभा देणं, हे ते काम. ते काम आपल्याकडे रंगाने केलं नाही. ते जातीने, पालाने, झोळीने आणि काही शहरांत गल्लीच्या नावाने केलं.

इंग्रजांनी तर त्याचा कायदाच केला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा मांडताना दिलेला युक्तिवाद साधा होता: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तर चोराचा मुलगा चोर होणारच. जातिव्यवस्थेचा असा सरकारी उपयोग क्वचितच कुणी केला असेल. कायदा आधी उत्तरेत लागू झाला आणि १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही पसरला. यादीत नाव आलेल्या जमातीच्या माणसाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा, पास नसेल तर तोच गुन्हा. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तिला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये आणि देशाने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. ३१ ऑगस्टला त्या विमुक्त दिन पाळतात; सोळा दिवस आधीचा स्वातंत्र्यदिन त्यांना पाच वर्षं उशिरा मिळाला, असं त्यांचे कार्यकर्ते सांगतात. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा केला. त्यात जमातीचं नाव नव्हतं. पण ठाण्यातल्या जुन्या वह्या आणि जुनी नजर कुठल्या कायद्याने रद्द होत नाही.

काटेकोर बोलायचं तर डवरी गोसावी ‘विमुक्त’ नाहीत, ‘भटके’ आहेत. विमुक्तांवर गुन्हेगारीचा शिक्का होता, भटक्यांवर तो तसा नव्हता. हा फरक मंत्रालयातल्या यादीला कळतो. बाजारातल्या जमावाला तो कोण समजावणार?

आणि जमाव तरी कोणाचा होता? इथे गोष्ट अवघड होते. राईनपाड्याचे लोक आदिवासी, म्हणजे ज्यांच्याकडे शंभर-दोनशे वर्षं याच संशयाने पाहिलं गेलं ते लोक. राईनपाडा ज्यात येतो तो खानदेश १८१८ मध्ये कंपनी सरकारच्या हाती आला, तेव्हा सातपुड्यातले आणि सह्याद्रीतले भिल्ल हा सरकारचा पहिला डोकेदुखीचा विषय होता. कागदोपत्री भिल्ल म्हणजे लुटारू. सुरुवातीला फौजा पाठवून झाल्या. मग १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. ज्यांना धरायचं त्यांच्याच हाती बंदूक द्यायची आणि त्यांच्याच भावकीवर सोडायचं, ही ती युक्ती. खानदेशातली नवी पोलीस व्यवस्था या पायावर उभी राहिली.

त्या व्यवस्थेतून निघालेला एक माणूस म्हणजे खाज्या नाईक. सेंधव्याच्या घाटाची राखण त्याच्याकडे होती, म्हणजे तो सरकारचाच माणूस. त्याच्या ताब्यातला एक संशयित मेला आणि त्याबद्दल खाज्याला शिक्षा झाली. १८५७ चा वणवा पेटला तेव्हा तो सुटून बाहेर होता. सरकारने त्याला पुन्हा कामावर घेऊन पाहिलं, पण तो उठावात गेला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला लढाई झाली, त्यात भिल्ल मोठ्या संख्येने मारले गेले आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. आज खाज्या नाईक स्वातंत्र्यवीर म्हणून ओळखला जातो आणि ते योग्यच आहे. पण पोलीस कोठडीतला मृत्यू आणि पकडलेल्या माणसाला गोळी, हे दोन्ही विषय खानदेशात किती जुने आहेत हेही त्याच्याच चरित्रातून दिसतं.

खानदेशाला सगळ्यात जास्त आठवतो तो मात्र दुसरा गोळीबार. ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबार. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं आणि जिल्ह्याचं ठाणं धुळ्याला. तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता या शाळकरी मुलासह पाच जण गेले. त्यांचं स्मारक आहे, पाठ्यपुस्तकांत नाव आहे. पोलिसांची गोळी चुकीची असू शकते हे इथल्या प्रत्येक पोराला शाळेतच शिकवलं जातं. अट एवढीच की पोलीस इंग्रजांचे असावेत.

राईनपाड्याच्या साडेपाच वर्षं आधी, साक्रीहून सुरत महामार्गाने पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या धुळे शहरात, पोलिसांच्या बंदुका पुन्हा चालल्या. तोही रविवारच होता: ६ जानेवारी २०१३. मच्छीबाजार भागात एका खाणावळीच्या बिलावरून वाद झाला. वादाची दगडफेक झाली, दगडफेकीची दंगल झाली. पोलिसांनी गोळीबार केला. सहा तरुण मेले, सहाही मुसलमान. शंभरावर पोलीसही जखमी झाले होते. जमाव मोठा होता, दगड आणि अ‍ॅसिडचा मारा होत होता, इलाज उरला नव्हता, असं पोलिसांचं म्हणणं. मग गोळ्या कमरेच्या वर का लागल्या, दोन बाजूंच्या दंगलीत मेलेले सगळे एकाच बाजूचे कसे, असा सत्यशोधन समित्यांचा आणि मृतांच्या घरच्यांचा सवाल. वाद तिथेच अडला असता. पण त्या दिवशीच्या काही चित्रफिती बाहेर आल्या. त्यांत गणवेशातली माणसं उभी वाहनं फोडताना आणि माल उचलताना दिसत होती. काही पोलिसांना अटक झाली. सरकारने न्यायालयीन चौकशी नेमली.

आता राईनपाडा आणि मच्छीबाजार शेजारी ठेवून पाहायला हवेत. एकीकडे पोलिसांनी गोळी चालवली आणि सहा गेले. दुसरीकडे ते जमावाला आवरू शकले नाहीत आणि पाच गेले. ‘पोलिसांनी बळ जास्त वापरलं की कमी?’ असा प्रश्न विचारला तर एका जिल्ह्यात दोन उलटी उत्तरं येतात आणि चर्चा तिथेच संपते. प्रश्न किती बळ हा नाहीच. कुणाविरुद्ध ते सहज सुटतं आणि कुणासाठी ते वेळेवर पोहोचत नाही, हा आहे. दोन्ही ठिकाणी मेलेली माणसं आधीपासून संशयाच्या यादीत होती. एक यादी शहराच्या गल्लीची, दुसरी झोळीची.

कायदा काय म्हणतो ते पाहणं इथे गरजेचं आहे, कारण वाद घालणारे दोन्ही पक्ष बहुधा ते पाहत नाहीत. बेकायदा जमाव पांगवण्यासाठी कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा अधिकारी, निदान उपनिरीक्षक दर्जाचा माणूस, बळ वापरायचा हुकूम देऊ शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं हे कलम १२९. हेतू पांगवण्याचा, ठार मारण्याचा नाही. पोलिसांच्या जुन्या नियमावल्या हवेतल्या गोळीबारालाही मान्यता देत नाहीत, कारण हवेतली गोळी लांबच्या गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला लागते. नेम खाली, जमावाच्या सर्वांत आक्रमक भागावर आणि गरज संपताक्षणी बंद, असा त्यांचा रोख. अटक करतानाच्या बळाचा नियम वेगळा आहे. ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला पकडताना त्याचा मृत्यू घडवण्याचा अधिकार पोलिसांना नाही, असं कलम ४६ सांगत होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४३ मध्ये जसंच्या तसं आलं. आणि पोलिसांच्या बाजूने एक कुंपण आहे: जमाव पांगवताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नाही. सरकारनेच नेमलेल्या माणसावर सरकारनेच खटल्याला मंजुरी द्यायची! ती किती वेगाने मिळते, हे सांगायला पंडित लागत नाही.

तरी कधीकधी मिळते. ११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर उतरले. राज्य राखीव पोलिसांच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा जण मेले. गॅसच्या टँकरला आग लागण्याचा धोका होता म्हणून गोळी चालवली, हा बचाव चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगाला पटला नाही. गोळीबार अनावश्यक होता असा निष्कर्ष त्याने काढला. तुकडीचे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. घटनेपासून निकालापर्यंत बारा वर्षं. त्यानंतर ते अपिलात गेले आणि जामिनावर सुटले. दलित वस्तीतल्या गोळीबाराबद्दल एखाद्या अधिकाऱ्याला दोषी ठरवणारा निकाल मात्र महाराष्ट्राच्या दप्तरी कायमचा नोंदला गेला.

गोळीबारापेक्षा वेगळा, आणि लोकांना जास्त आवडणारा, प्रकार म्हणजे चकमक. मराठी वाचकाला हा शब्द १९८२ मध्ये मारल्या गेलेल्या मन्या सुर्वे या गुंडापासून ओळखीचा झाला. नव्वदच्या दशकात मुंबईत चकमकफेम अधिकाऱ्यांच्या नावापुढे आकडे लागायला लागले, क्रिकेटच्या धावांसारखे. त्यांच्यावर सिनेमे निघाले. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया मारला गेला. ही चकमक खोटी आहे असं त्याच्या वकील भावाने धरून ठेवलं. २०१३ मध्ये डझनभर पोलिसांना शिक्षा झाल्या आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चकमकफेम अधिकारी प्रदीप शर्मा यांची आधीची निर्दोष सुटका रद्द करून त्यांना जन्मठेप दिली. मधल्या काळात, २०१४ मध्ये, ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चकमकीनंतर काय करायचं याची सोळा सूत्रं घालून दिली. गुन्हा नोंदवायचा, तपास दुसऱ्या यंत्रणेने करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची, संशय संपेपर्यंत शौर्यपदक नाही. खटल्याच्या नावातच महाराष्ट्र आहे, हे विसरू नये.

लोकमत या सूत्रांच्या बाजूला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी मारलं, तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, विदर्भातले. त्यांनी शांतपणे पुरावा तपासला आणि २०२२ मध्ये अहवाल बाहेर आला: गोळीबार मारण्याच्या हेतूनेच झाला होता, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, आणि मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते. त्या दिवशी कुणी फुलं उधळली नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणाचा आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा महाराष्ट्रातही पेढे वाटले गेले आणि ‘बदला पुरा’ अशी शहराच्या नावावर कोटी करणारे फलक लागले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने चार महिन्यांत पोलिसांच्या हकिगतीवर संशय घेतला. फलक तोवर उतरले होते.

पेढे वाटणारा आणि राईनपाड्यात काठी उचलणारा, यांच्यात फार अंतर आहे असं मानायची आपल्याला सवय आहे. एक शहरी, सुशिक्षित, टीव्हीसमोर बसलेला. दुसरा पाड्यावरचा, घाबरलेला. पण दोघांचा मुद्दा एकच: खटला कशाला? आणि हा मुद्दा खाकीतही पोहोचलेला आहे. ‘कॉमन कॉज’ आणि ‘सीएसडीएस’ या संस्थांनी २०१९ मध्ये एकवीस राज्यांतल्या सुमारे १२ हजार पोलिसांशी बोलून अहवाल काढला. किरकोळ गुन्ह्यांत खटल्यापेक्षा पोलिसांनीच छोटी शिक्षा द्यावी असं ३७ टक्क्यांना वाटत होतं. गोहत्येच्या प्रकरणात जमावाने दोषीला शिक्षा देणं स्वाभाविक आहे असं कमी-अधिक प्रमाणात मानणारे ३५ टक्के निघाले. बलात्काराच्या बाबतीत हे प्रमाण ४३ टक्के. आणि मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे झुकतात असं कमी-अधिक प्रमाणात मानणारे जवळपास निम्मे. १८७१ च्या त्या युक्तिवादातला सुताराचा मुलगा अजून निवृत्त झालेला नाही.

तो युक्तिवाद अधूनमधून कोठडीत सापडतो. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटलं, धरपकड झाली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. तो वडार समाजाचा होता, म्हणजे विमुक्तांच्या यादीतला. त्याच्या आईने लढाई सोडली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा तिथेही तो आदेश टिकला. एक फिर्याद नोंदवून घ्यायला सात महिने आणि दोन न्यायालयं.

अशा वेळी कधीकधी कॅमेरा कामी येतो. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलीस अधिकाऱ्याने नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद गुडघा ठेवला, हे जगाला कळलं ते फुटपाथवर उभ्या सतरा वर्षांच्या एका मुलीमुळे. तिने मोबाइल खाली केला नाही. पोलिसांच्या पहिल्या पत्रकात ‘वैद्यकीय कारणाने मृत्यू’ असं होतं. तिच्या चित्रफितीने ते पत्रक फाडलं आणि पुढच्या वर्षी तो अधिकारी, डेरेक शोविन, खुनी ठरला. धुळ्यातही गणवेशाआडचे चेहरे चित्रफितींनीच उघडे केले होते. राईनपाड्यात मात्र कॅमेरा दुसऱ्या बाजूला होता. चित्रण करणारा साक्षीला नव्हे, सोहळ्याला उभा होता. गंमत म्हणा की नियती, त्याच चित्रफिती पुढे पोलिसांना आरोपी ओळखायला उपयोगी पडल्या आणि दोन डझनांच्या आसपास लोक पकडले गेले. पाडेच्या पाडे ओस पडले. पुरुष डोंगरात पळाले आणि मागे राहिलेल्या बायकापोरांवर आता नवा संशय आला: हे खुन्यांचं गाव.

त्याच १ जुलैच्या रात्री, शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मालेगावातही हीच अफवा पसरली आणि हजारावर लोकांनी पाच जणांना घेरलं. त्यांच्यात दोन वर्षांचं मूल होतं. मालेगाव म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते इथे उपयोगाचं नाही, कारण मोहल्ल्यातल्याच माणसांनी त्या कुटुंबाला घरात घेऊन दार लावलं आणि जमावाशी हुज्जत घालत वेळ काढला. पोलीस पुरेशा संख्येने आले. पाचही जण जिवंत बाहेर निघाले. गोळीबाराने एकही जीव गेला नाही. राईनपाड्याची बातमी देशभर गेली, मालेगावची आतल्या पानावर राहिली. पोलीस प्रशिक्षणात खरं तर मालेगावची ही रात्र शिकवायला हवी: दार कुणी लावलं, ठाणं किती लांब होतं, किती माणसं किती मिनिटांत आली. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक पोलिसांदेखत मारले गेले, तेव्हा दिसलं की यातलं काहीच कुणी शिकलेलं नव्हतं. त्या प्रकरणावर मात्र महिनोन्‌महिने राजकारण चाललं. तिथले मृत भगव्या वस्त्रातले संन्यासी होते, राईनपाड्यातले झोळीवाले गोसावी. टाहो फोडणारे राईनपाड्याला वाकडी वाट करून फारसे आले नव्हते.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळींविरुद्ध सविस्तर आदेश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा नोडल अधिकारी, जलदगती खटले, भरपाईची योजना. संसदेने वेगळा कायदा करावा अशी शिफारसही केली. तो वेगळा झाला नाही, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये एक पोटकलम आलं. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा ‘किंवा तत्सम कारणाने’ खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. यादीतला पहिला शब्द वंश आहे. संहिता अमलात आली ती तारीख १ जुलै २०२४, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली तो दिवस.

आता एखाद्या वकिलाने हे कलम राईनपाड्यासारख्या घटनेला लावून पाहावं. आरोपी म्हणतील, आम्ही त्यांना गोसावी म्हणून मारलं नाही, चोर समजून मारलं. मग कारण जात ठरतं की अफवा? मुलीशी बोलणारा माणूस पँट-शर्टातला तलाठी असता तर बाजार असा धावला असता का? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. पण ते न्यायालयात सिद्ध कसं करायचं, हे ‘तत्सम’ या एका शब्दावर सोडलेलं आहे.

दरम्यान भटक्या-विमुक्तांच्या संघटना सरकारकडे एक जुनी मागणी करत आल्या आहेत: आमच्या माणसांना ओळखपत्र द्या, म्हणजे गावात शिरताना दाखवता येईल. पाल टाकण्याआधी जवळच्या ठाण्यात जाऊन नाव-गाव लिहून ठेवायचं, हा शहाणपणाही अनेक तांड्यांनी अंगीकारला आहे. ज्यांच्या आजोबांना गाव सोडण्यासाठी सेटलमेंटच्या साहेबाचा पास लागायचा आणि रोज ठाण्यात हजेरी लावावी लागायची, त्यांची नातवंडं आता स्वतःहून ठाण्याच्या पायरीवर उभी राहतात आणि अंमलदाराला म्हणतात, साहेब, आमची नोंद करून घ्या.